सोसायटीचा जनरेटर आणि चेंजओव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांमध्ये इलेक्ट्रिकची कामं करताना कमिटीची मंडळी आम्हाला जे विचारतात, ते इथे उतरवलं आहे. जनरेटर कोणत्या कंपनीचा घ्यायचा यावर तीन-तीन सभा रंगतात. तो इमारतीला जिथे जोडला जातो त्या डब्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. कोटेशनमध्ये ‘चेंजओव्हर, १ नग’ एवढी एकच ओळ असते. हे पान त्या ओळीबद्दल आहे.

चेंजओव्हर नेमकं करतो काय?

इमारतीच्या पॅनेलला एका वेळी एकच वीज मिळेल याची खात्री करतो: महावितरणची किंवा जनरेटरची. हँडलवर I, 0, II अशा तीन जागा असतात. I म्हणजे महावितरण, II म्हणजे जनरेटर, 0 म्हणजे दोन्ही बंद. आतली रचना अशी असते की एक बाजू सुटल्याशिवाय दुसरी लागूच शकत नाही. वीज बदलणं हे याचं अर्धं काम. दोन विजांची गाठ पडू न देणं हे खरं काम.

आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो चेंजओव्हर कशाला. लाइट गेली की मेन स्विच पाडायचा आणि जनरेटर सुरू करायचा.

त्याला नम्रपणे निरोप द्या.

रस्त्यावरची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ११ किंवा २२ हजार व्होल्टचा दाब ४३३ व्होल्टवर आणते. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. सोसायटीच्या बाजूने ४१५ व्होल्ट आत गेले, तर पलीकडच्या तारांवर पुन्हा हजारो व्होल्ट उभे राहतात. पुण्यात देखभालीचं शटडाऊन बहुतेक गुरुवारी असतं. लाइनमन लाइन बंद करून खांबावर चढलेला असतो आणि नेमका त्याच वेळी तुमचा वॉचमन मेन पाडायला विसरून जनरेटरचं बटण दाबतो. वर्षातून पन्नास वेळा आठवणीने मेन पाडला जाईल, एक्कावन्नाव्या वेळी राहील.

उलटंही होतं. जनरेटर चालू असताना महावितरणची वीज परत आली आणि मेन पाडलेला नसला, तर दोन पुरवठे एकमेकांवर आदळतात. त्यांची लय जुळलेली नसते, त्यामुळे अल्टरनेटरचं वाइंडिंग जळतं, कपलिंग तुटतं. त्या दुरुस्तीच्या बिलात चांगला चेंजओव्हर सहज बसतो.

गणपतीच्या मांडवात दिसते ती दोन्ही टोकांना पिन असलेली वायर याच जातीची. सॉकेटमधून घरात उलटी वीज सोडायची ही युक्ती कोणी सोसायटीत करताना दिसला, तर ती वायर तिथल्या तिथे कापा.

हाताने फिरवायचा की ऑटोमॅटिक?

चोवीस तास माणूस असेल, इमारत चार-पाच मजल्यांची असेल आणि लिफ्टला एआरडी असेल, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर जवळच्या मजल्यापर्यंत जाऊन दार उघडणारी सोय, तर हाताचा चेंजओव्हर पुरतो. त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं. १५ वर्षं जुना हाताचा चेंजओव्हर आजही ठणठणीत चालताना आम्ही पाहतो.

सात मजल्यांच्या वर, ज्येष्ठ नागरिक जास्त असतील तिथे, किंवा रात्री गेटवर एकच माणूस असेल तिथे एएमएफ पॅनेल, म्हणजे लाइट गेली की सगळं आपोआप करणारं पॅनेल, घ्या. महावितरणची वीज गेली किंवा एखादा फेज गेला, की ते काही सेकंद वाट पाहतं, जनरेटर सुरू करतं, व्होल्टेज स्थिरावलं की लोड त्यावर टाकतं. एकूण १५ ते ३० सेकंद. वीज परत आली की लगेच उडी मारत नाही. मिनिट-दोन मिनिटं ती टिकते का पाहतं, मग लोड परत नेतं आणि जनरेटर थोडा वेळ नुसता चालवून थंड करतं. आपल्याकडे लाइट येते, जाते, पुन्हा येते. त्यामुळे ही वाट पाहण्याची वेळ शून्यावर ठेवणारा माणूस नवखा समजावा.

एएमएफ घेताना दोन गोष्टी कोटेशनमध्ये लिहून घ्या. पहिली: तिन्ही फेज वेगवेगळे तपासणारा रिले. एक फेज जाणं हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार, आणि फक्त एकाच फेजवर नजर ठेवणारं पॅनेल बाकीचे दोन गेले तरी ढिम्म बसून राहतं. दुसरी: कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने चालणारे स्विच, वापरले असतील तर इलेक्ट्रिकल इंटरलॉकच्या जोडीला मेकॅनिकल इंटरलॉकही. कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटू शकतात. अशा वेळी वायरिंगमधलं लॉक फसलं तरी लोखंडी दांडी दुसऱ्याला लागू देत नाही.

चार पोलचाच का? तीन पोलचा स्वस्त मिळतो.

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल, तर हे वाचा.

तीन फेज बदलायचे आणि न्यूट्रल तसाच जोडून ठेवायचा, ही तीन पोलची पद्धत. चार पोलमध्ये न्यूट्रलही बदलतो. तीन पोलचा घेतला, तर जनरेटरचा न्यूट्रल आणि महावितरणचा न्यूट्रल कायमचे एकत्र राहतात. लाइट नसतानाही तुमच्या जनरेटरचा करंट थोडा थोडा महावितरणच्या न्यूट्रलमधून आणि अर्थिंगमधून फिरून परत येतो. ज्या न्यूट्रलला लाइनमन मेलेला समजतो, तो मेलेला नसतो.

कोथरूडच्या एका पाच मजली सोसायटीत आम्हाला बोलावलं होतं. तक्रार विचित्र होती: जनरेटर सकाळी व्यवस्थित चालतो, संध्याकाळी पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो. आधीच्या माणसाने जनरेटरच्या पॅनेलमधला अर्थ लीकेज रिले, म्हणजे करंट बाहेर गळला की वीज तोडणारा भाग, ‘खराब’ म्हणून दोनदा बदलला होता आणि तिसऱ्यांदा सरळ बायपास करून ठेवला होता. आम्ही सातच्या सुमारास जनरेटर सुरू केला आणि महावितरणकडून येणाऱ्या न्यूट्रलच्या केबलला टाँगटेस्टर, म्हणजे केबल न तोडता करंट मोजणारा चिमटा, लावला. बाहेर सगळा रस्ता अंधारात, आणि काट्यावर दीड अँपिअर. सकाळी फक्त लिफ्ट आणि पंप चालायचे. या थ्री फेज मोटरींना न्यूट्रलची जवळजवळ गरजच नसते. संध्याकाळी जिन्यातले, पार्किंगमधले सिंगल फेज दिवे लागले की न्यूट्रलमधून करंट वाहायला लागायचा, त्यातला काही वाट चुकून बाहेर जायचा आणि रिले पडायचा. रिले बिचारा आपलं काम चोख करत होता. चार पोलचा चेंजओव्हर बसवला, रिले परत जोडला, प्रश्न मिटला.

चार पोलचा घेताना एक विचारा: न्यूट्रलचा पोल फेजच्या आधी लागतो आणि फेजनंतर सुटतो का? न्यूट्रल आधी सुटला तर क्षणभर का होईना, सिंगल फेजच्या वस्तूंवर २३० ऐवजी ३०० व्होल्टच्या वर दाब जाऊ शकतो. कॅमेऱ्यांचे अ‍ॅडॉप्टर आणि एलईडी ड्रायव्हर एकदम चार-पाच गेले, की लोक ‘व्होल्टेज वाढलं’ म्हणून महावितरणला शिव्या घालतात. बऱ्याचदा न्यूट्रल ढिला असतो.

किती अँपिअरचा घ्यायचा?

इथे हमखास चूक होते. ठेकेदार जनरेटरचा आकडा पाहून चेंजओव्हर निवडतो. ४० केव्हीएचा जनरेटर म्हणजे साधारण ५६ अँपिअर, म्हणून ६३ चा चेंजओव्हर. पण दिवसाचे तेवीस तास त्या चेंजओव्हरमधून महावितरणचाच करंट वाहणार आहे. कॉमन मीटरच्या मेनवर १०० अँपिअरचा एमसीसीबी, म्हणजे मोठा ब्रेकर, असेल, तर चेंजओव्हरही निदान १०० चा हवा. दोन्ही बाजूंपैकी मोठा आकडा धरायचा.

वस्तू आयएस/आयईसी ६०९४७ मालिकेतली आहे का पाहा. ट्रान्सफर स्विचसाठी त्यातला ६-१ हा भाग आहे. मोटरींचा लोड तोडण्याची क्षमता नेमप्लेटवर लिहिलेली असते. ती न पाहता घेतलेला स्विच दिव्यांवर चालतो, लिफ्टवर जळतो.

जनरेटर किती मोठा लागेल?

एक उदाहरण करून पाहू. सात मजले, २८ फ्लॅट. दोन लिफ्ट प्रत्येकी ५.५ किलोवॉट, म्हणजे ११. वरच्या टाकीचा ५ एचपीचा पंप ३.७, बोअरचा ३ एचपीचा २.२, दिवे-कॅमेरे-गेट मिळून २. बेरीज १९ किलोवॉटच्या आसपास. ०.८ पॉवर फॅक्टरने भागलं की जवळपास २४ केव्हीए. थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीला पाच-सहापट करंट खाते, म्हणून ३० केव्हीए काठावर बसेल, ४० मध्ये श्वास घ्यायला जागा राहील.

‘असू दे मोठाच’ म्हणून ८२.५ किंवा १०० घेऊ नका. क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी लोडवर डिझेल इंजिन सतत चाललं, तर डिझेल पुरतं जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी गळायला लागतं आणि इंजिन लवकर म्हातारं होतं. आगीचा पंप जनरेटरवर घ्यायचा असेल तर मात्र हिशेब नव्याने करा. तो एकटा बाकी सगळ्यांना भारी पडू शकतो.

फ्लॅटनाही बॅकअप द्यायचा आहे. जनरेटर थेट मीटर रूमच्या बसबारला, म्हणजे वीज वाटणाऱ्या जाड पट्ट्यांना, जोडला तर सगळ्या घरांत वीज जाईल ना?

जाईल. आणि ती प्रत्येकाच्या महावितरणच्या मीटरमधून जाईल. डिझेल तुमचं, बिल महावितरणचं! विनोद सोडा, मीटरच्या आधीचा सगळा भाग वीज कंपनीचा आणि सीलबंद असतो. सील तोडणं हा विद्युत अधिनियम २००३ प्रमाणे गुन्हा आहे. सोसायटीचं काम मीटरच्या आणि त्यानंतरच्या मेन स्विचच्या पुढेच सुरू होतं.

फ्लॅटच्या बॅकअपची रीत वेगळी. जनरेटरकडून डक्टमधून स्वतंत्र केबल वर नेतात, प्रत्येक मजल्यावर तिचा टॅप काढतात आणि प्रत्येक फ्लॅटच्या डीबीत, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या डब्यात, एक छोटा आपोआप बदलणारा चेंजओव्हर बसवतात. त्यात करंटवर मर्यादा घातलेली असते. बाजारात याला एसीसीएल म्हणतात. महावितरणची वीज असताना घर पूर्ण लोड वापरतं. जनरेटरवर आल्यावर समजा ४ अँपिअर, म्हणजे सुमारे ९०० वॉट. पंखे, दिवे, टीव्ही, वायफाय, बहुतेक वेळा फ्रिजही. कोणी गीझर लावला की त्या घराची वीज तुटते, काही सेकंदांनी आपोआप परत येते, गीझर चालूच असेल तर पुन्हा तुटते. दोन-तीन झटक्यांत माणूस उठून गीझर बंद करतो. शेजारी अंधारात जात नाही, हा यातला मोठा गुण.

आता बेरीज करा: २८ घरं गुणिले ९०० वॉट म्हणजे सुमारे २५ किलोवॉट. मगाचचा ४० केव्हीएचा जनरेटर आता पुरणार नाही, ६२.५ केव्हीए, म्हणजे ८७ अँपिअरकडे जावं लागेल. घरं तीन फेजवर वाटा: १०, ९, ९. एका फेजवर १५ आणि दुसऱ्यावर ५ अशी वाटणी आम्ही नव्या इमारतींतही पाहिली आहे. इथे न्यूट्रलवर भार येतो, म्हणून केबल साडेतीन कोअरची नको, चार पूर्ण कोअरची घ्या. साडेतीन कोअरमध्ये न्यूट्रल निम्म्या जाडीचा असतो.

एसीसीएल फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा मागा. फक्त फेज बदलणारा घेतला आणि घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असला, तर रोज एकाचा फोन ठरलेला.

वापरलेल्या युनिटप्रमाणे पैसे घ्यायचे असतील तर दोन स्रोतांचं मीटर लावता येतं. एक लिटर डिझेलमध्ये साधारण तीन ते साडेतीन युनिट निघतात. डिझेल ९० रुपये धरलं, तर नुसत्या डिझेलचेच युनिटमागे २६ ते ३० रुपये होतात. हा आकडा सभेत आधी सांगा, नंतरची भांडणं वाचतात.

तळमजल्यावाले म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही पैसे देणार नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सदस्यांमध्ये समान वाटायचा असतो, मग कोणी लिफ्ट वापरो न वापरो. लिफ्टसाठी जाळलेलं डिझेल त्याच खात्यात बसतं. फ्लॅटमधल्या बॅकअपचं तसं नाही. ज्याने तो घेतला त्याने भरावा, असा ठराव बहुतेक ठिकाणी होतो आणि तो रास्त आहे. खरेदीचा खर्च कोणत्या निधीतून, हे सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या आणि इतिवृत्तात आकड्यासकट लिहा.

परवानग्या कुणाच्या लागतात?

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. त्याच्या परवान्याची चालू तारखेची प्रत सोसायटीच्या फाइलला लावा. जनरेटरचा संच ठरावीक क्षमतेच्या वरचा असेल तर राज्याच्या विद्युत निरीक्षकांची तपासणी लागते. ती मर्यादा सरकार अधिसूचनेने ठरवतं. तुमच्या केव्हीएला ती लागू आहे की नाही हे ठेकेदाराकडून लेखी घ्या. ‘लागत नाही हो, आम्ही इतकी कामं केली’ हे तोंडी उत्तर आहे. सिंगल लाइन डायग्रॅम आणि अर्थिंगचे चाचणी अहवाल तयार ठेवा, कारण विमा कंपनी अपघातानंतर पहिल्यांदा तेच मागते. महावितरणलाही दुसरा वीजस्रोत बसवल्याचं पत्र देऊन पोच घ्यावी. मुंबईत असाल तर बेस्ट, अदानी किंवा टाटा, जी वीज देते तिला.

बसवायचा कुठे?

कॉमन मीटरच्या जितका जवळ तितका बरा, आणि पुराच्या पातळीच्या वर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईच्या तळमजल्यावरच्या किती मीटर रूम पाण्यात होत्या, ते तिथल्या लोकांना आठवत असेल. पुण्यात सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरला. बेसमेंटमध्ये चेंजओव्हर म्हणजे ज्या दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी तो बुडालेला. निदान स्टिल्टच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, समोर मीटरभर मोकळी जागा ठेवून बसवा. त्या मोकळ्या जागेत स्कूटर उभी राहणार नाही एवढंही पाहा. पॅनेलच्या खालून केबल येते तिथली भोकं ग्लँड लावून पूर्ण बुजवा. पाल आत शिरून बसबारवर चिकटली की धडाका होतो.

अर्थिंगचे चार खड्डे खरंच लागतात?

हो. दोन जनरेटरच्या न्यूट्रलसाठी, दोन बॉडीसाठी. बिल्डरने केलेल्या जुन्या खड्ड्याला पट्टी जोडून ‘झालं काम’ म्हणणाऱ्याला चारही खड्ड्यांचं ओहममधलं रीडिंग लिहून मागा.

जनरेटर चालू होतो, पण लिफ्ट हलत नाही आणि पंपाला पाणी येत नाही.

फेजचा क्रम उलटा जोडला आहे. थ्री फेज मोटर कोणत्या दिशेने फिरायची ते फेजच्या क्रमावर ठरतं. लिफ्टच्या पॅनेलमधला रिले उलटा क्रम ओळखून लिफ्ट थांबवतो, ते बरंच आहे. पंपाला असं कोणी सांगत नाही. तो गुपचूप उलटा फिरतो, आवाज करतो आणि पाणी चढवत नाही. चेंजओव्हरच्या जनरेटरकडच्या बाजूला कोणतेही दोन फेज अदलाबदल केले की झालं. लिफ्टच्या बाजूला हात लावू नका, नाहीतर महावितरणवर तिचं बिघडेल. दहा मिनिटांचं काम, पण यासाठी लिफ्ट कंपनीची तीन-तीन वेळा व्हिजिट भरलेल्या सोसायट्या आहेत.

गच्चीवर सोलर आहे. त्याचं काय?

सोलरचं कनेक्शन चेंजओव्हरच्या महावितरणकडच्या बाजूला हवं. लोडच्या बाजूला असेल तर जनरेटर सुरू होताच सोलरचा इन्व्हर्टर त्यालाच ग्रिड समजून वीज ढकलायला लागतो. दुपारी ऊन कडक, लोड कमी, अशा वेळी ती उरलेली वीज जनरेटरमध्येच उलटी शिरते. दोन्ही एकत्र चालवायचे असतील तर त्यासाठी वेगळा कंट्रोलर मिळतो. तो नसेल तर दोघांना लांब ठेवा.

ईव्ही चार्जर जनरेटरवर घ्यावेत का?

नाही. डिझेल जाळून गाडी चार्ज करायची तर डिझेलची गाडीच काय वाईट होती?

इमारतीत आग लागली आणि मेन बंद केला, तर एएमएफ जनरेटर सुरू करेल ना?

करेल. हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, म्हणून विचारणाऱ्याचं कौतुक. अग्निशमन दलाचा माणूस मेन पाडतो, पॅनेलला वाटतं लाइट गेली, आणि वीस सेकंदांनी सगळं पुन्हा जिवंत होतं, पाण्याचा फवारा चालू असताना. म्हणून गेटजवळ, सहज हात पोहोचेल अशा जागी, लाल इमर्जन्सी स्टॉप हवा आणि मीटर रूमच्या दारावर ठळक पाटी हवी: ‘या इमारतीत जनरेटर आहे. मेन बंद केला तरी वीज येऊ शकते.’ आगीचा पंप वेगळ्या फीडरवर असला तर बाकीची इमारत बंद करूनही तो चालू ठेवता येतो.

हीच गोष्ट पॅनेलवर काम करणाऱ्या वायरमनची. सिलेक्टर ऑफवर टाकायचा आणि जनरेटरच्या बॅटरीची वायर काढून ठेवायची, मगच पॅनेल उघडायचं.

बसवताना लाइट किती वेळ बंद राहील?

भिंतीवर डबा लावणं, केबल ओढणं, खड्डे, ही कामं लाइट चालू ठेवून होतात. शेवटच्या जोडणीला कॉमन लाइन चार ते सहा तास बंद लागते, म्हणजे तेवढा वेळ लिफ्ट आणि पाणी नाही. आदल्या रात्री टाकी भरून घ्या. महावितरणच्या ठरलेल्या शटडाऊनच्या दिवशीच हे काम लावलं, तर एकाच दिवसात दोन्ही त्रास उरकतात.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी काय पाहायचं?

ठेकेदारासमोर उभं राहून प्रत्यक्ष मेन पाडायला सांगा. किती सेकंदांत वीज आली, घड्याळात पाहा. दोन्ही लिफ्ट एकदम चालवा, त्याच वेळी पंप सुरू करा आणि दिवे किती मिणमिणतात ते पाहा. जनरेटर चालू असताना महावितरणच्या न्यूट्रलला टाँगटेस्टर लावून काटा शून्यावर आहे ना, ते बघा. कोथरूडची गोष्ट आठवत असेलच. मग मेन चालू करून परतीचा प्रवास पाहा. तासभर लोडवर चालल्यावर चेंजओव्हरच्या टर्मिनलजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. तिघांपैकी एक फेज बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल, तर तिथला लग नीट क्रिंप झालेला नाही.

लिफ्ट मध्येच झटका का घेते?

लाइट जाताच एआरडी बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्याकडे न्यायला लागतो आणि त्याच दरम्यान जनरेटरची वीज येते. नीट जुळवलेली लिफ्ट आधी एआरडीचं काम पुरं करते, दार उघडते, मग नेहमीसारखी चालते. न जुळवलेली मध्येच गोंधळते. लिफ्ट कंपनीला एएमएफची वेळ कळवा आणि दोघांच्या माणसांना एकाच दिवशी बोलवा. वेगवेगळ्या दिवशी बोलावलं तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून जातात.

आवाज आणि धुराची तक्रार पहिल्या मजल्यावरून येते आहे.

१००० केव्हीएपर्यंतच्या संचाला आवाजरोधक कॅनोपी लागते आणि तिच्यापासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत हवा. कॅनोपीची दारं उघडी ठेवून ‘हवा लागू दे’ म्हणणारे वॉचमन असतात, ते आधी पाहा. धुराड्याची उंची इमारतीच्या उंचीपेक्षा केव्हीएच्या वर्गमुळाच्या ०.२ पट मीटर जास्त हवी: १०० केव्हीएला २ मीटर, ६२.५ ला साधारण १.६. म्हणजे पाइप गच्चीच्याही वर न्यायचा, पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली संपवायचा नाही. जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या संचांना सीपीसीबी ४+ हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे धुराचे निकष लागू आहेत. कोणी जुना पडून असलेला संच स्वस्तात देऊ करत असेल तर त्याची प्लेट वाचा.

वॉचमनला काय शिकवायचं?

हाताच्या चेंजओव्हरसाठी एवढंच, मराठीत आणि हिंदीत लिहून डब्यावर चिकटवा:

लाइट गेली: हँडल 0 वर. जनरेटर सुरू. मिनिटभर थांबा, व्होल्टमीटर पाहा. हँडल II वर.

लाइट आली: तिन्ही दिवे, लाल, पिवळा, निळा, लागलेत का पाहा. हँडल 0 वर. पाच आकडे मोजा. हँडल I वर. जनरेटर तीन मिनिटं तसाच चालू द्या, मग बंद.

हँडल अर्धवट सोडायचं नाही आणि हळू फिरवायचं नाही. एका दमात, ‘खट्’ आवाज येईपर्यंत. घाबरून हळू फिरवलं की ठिणगी जास्त वेळ राहते आणि संपर्क काळे पडतात.

देखभाल किती?

जनरेटर ऐन वेळी सुरू न होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण बॅटरी. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं सुरू करा, महिन्यातून एकदा लोडसकट. नुसता रिकामा चालवून वहीत सही करणं म्हणजे फक्त वहीची देखभाल. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, पूर्ण बंद करून चेंजओव्हर उघडा, टर्मिनल कसा, धूळ काढा, केबल मेगर करा, म्हणजे तिचं इन्सुलेशन तपासा.

आमचा चेंजओव्हर २००६ च्या सुमाराचा आहे. बदलायचा का?

त्या काळात लोडशेडिंगमुळे पुण्यात सोसायट्यांनी घाईघाईने जनरेटर घेतले, आणि त्यातले बरेच चेंजओव्हर उघड्या पात्यांचे किंवा न्यूट्रल न बदलणारे होते. झाकण उघडून, अर्थात सगळं बंद करून, चार पाती आहेत की तीन ते मोजा. तीन असतील तर बदला. चार असतील पण पात्यांच्या टोकाला खड्डे पडलेले किंवा बेकेलाइट तपकिरी-काळं झालेलं दिसलं, तरी बदला.

आणि खरं सांगा, आम्हाला जनरेटर हवा का?

एक लिफ्ट, चार मजले, आठवड्याला तासभर लाइट जात असेल, तर लिफ्टला चांगला एआरडी आणि जिन्याच्या दिव्यांना एक इन्व्हर्टर यात भागतं. आम्ही तसं सांगतो आणि काम हातचं घालवतो. लिफ्टशिवाय ज्यांना खाली उतरताच येत नाही अशी माणसं वरच्या मजल्यांवर असतील, तर मात्र घ्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई महानगरातली वीज गेली, तेव्हा तिथे तर लोडशेडिंगही नव्हतं.